न आलेल्या दिवसांचा हिवाळा

देवळीच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागला, की समजायचं हिवाळा आला. बाभळीला कसला कापूस, असं बाहेरचा माणूस विचारेल. विचारू दे. वर्ध्याच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांवर कापूस इतका उंच लादलेला असतो की तो कडेच्या काट्यांना घासत जातो आणि प्रत्येक काटा आपला वाटा काढून ठेवतो. काल एसटीच्या खिडकीतून ती पांढरी झालेली झाडं पाहिली आणि माझ्या पाठीला एकदम तिळाच्या तेलाचा वास आला. पाठीला वास येतो का? मला येतो. बारावीच्या वर्षाचा एक अख्खा हिवाळा माझ्या पाठीत मुक्कामाला आहे. आता मी स्वतः बारावीच्या पोरींना शिकवते, तरी तो काही खोली सोडत नाही.

आमचं काष्ठौषधीचं दुकान होतं, देवळीच्या बाजाराच्या रस्त्यावर. मुळ्या, साली, बिया, फुलं, डिंक, सगळं पोत्यांत आणि बरण्यांत. सकाळचं ऊन फळीवर आलं की हवेत नागरमोथ्याची, वाळ्याची, ज्येष्ठमधाची धूळ तरंगताना दिसायची. आमच्याकडे नवं गिऱ्हाईक आधी शिंकायचं आणि मग मागायचं. मी शाळेतून आले की त्या धुळीत बसून पुड्या बांधायची. कधी कधी वाटायचं की मी या दुकानात बसलेली नाही, कुठल्यातरी जंगलाच्या पोटात बसले आहे आणि झाडं आपापली अंगं सुकवून माझ्याभोवती निजली आहेत.

बायकांची औषधं मागायची एक रीत होती. तोंडाने नाव घ्यायचं नाही, चिठ्ठी पुढे सरकवायची. चिठ्ठीत अशोकाची साल असायची, लोध्र असायचं, शतावरी असायची. बाबा चिठ्ठी वाचत आणि मग त्यांची नजर तराजूवरून हलत नसे. पुडी देतानाही ते बरण्यांकडे बघून म्हणत, "दुधात घ्याजो." बस. अर्ध्या तालुक्यातल्या बायकांचं काय अडलंय हे त्या माणसाला ठाऊक होतं आणि त्यातल्या एकीचाही चेहरा त्याने धड पाहिला नव्हता. गावात याला सभ्यपणा म्हणत. मीही म्हणायचे.

दुसरी रीत घरातली. पाळीचे चार दिवस आई आणि मी दुकानात पाय ठेवत नसू. तराजूला आणि बरण्यांना तर हात लावायचाच नाही, औषधाचा गुण जातो म्हणे. मागच्या खोलीत चटई टाकायची, ताट तिथे यायचं, आपलं धुणं आपण धुवायचं. बाबांना कोणी काही सांगत नसे. आपण दिसलो नाही की त्यांनी समजायचं.

त्या वर्षी जेठ महिन्यानंतर मला पाळी आलीच नाही.

आषाढात आईने विचारलं, "काऊन वं नंदा, तुयी तारीख होऊन गेली ना?" मी म्हटलं, "आजच." आणि चटई घेऊन मागच्या खोलीत गेले. इतकं सोपं होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या महिन्यातही गेले. खरं सांगते, पहिले दोन महिने मला मजाच वाटली. चार दिवस ना पुड्या, ना भांडी. खिडकीतून लिंबाच्या फांद्या दिसायच्या आणि मी उशीला टेकून रसायनशास्त्राचं पुस्तक छातीवर ठेवून स्वप्नं बघायची. वाटायचं, बरं झालं, गेली ब्याद. एवढी अक्कल होती माझी!

मग हनुवटीवर एक केस आला. कापसाचा तंतू चिकटलाय असं समजून मी तो झटकत बसले होते. झटकला तरी जाईना. दिवाळीपर्यंत तीन झाले. मुरुमं आली, कुडते दंडात घट्ट झाले. अभ्यासाचं म्हणाल तर रात्रभर चहा पिऊन जागायचं, दुपारी मेल्यासारखं झोपायचं, जेवणाऐवजी चिवड्याचे बकाणे भरायचे, असा सगळा कारभार होता. आरशापुढे उभी राहिले की हात आधी हनुवटीवर जायचा. आपलं अंग आपल्याशी बोलायचं बंद झालंय असं वाटायचं. भांडलं असतं तरी चाललं असतं, पण ते गप्पच होतं. आणि ज्या आईला सांगायचं तिच्यापुढे मी दर महिन्याला चटई घेऊन नाटक करत होते. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

दुकानात सगळी औषधं हाताशी होती, पण बाबांना पोत्याचं वजन बोटांत पाठ होतं. चिमूटभर कमी झालं तरी कळलं असतं. म्हणून मी शेवंताबाईला गाठलं. शेवंताबाई म्हणजे आम्हाला रानातली मुळं आणून विकणारी, आमच्या गावाबाहेर तिचं दोन एकर शेत. मी ऐकलं होतं की पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्याच झाडाच्या मुळाचा काढा घेतला की अडलेली पाळी येते. तिला म्हटलं, "मावशी, मले पऱ्हाटीचं मूळ आणून दे ना. मैत्रिणीले पाहिजे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. डोक्यावरचा भारा तसाच होता, तो उतरवायचंही तिला सुचलं नाही. "कोन्त्या मैत्रिणीले?" म्हणाली. मी म्हटलं, "आहे एक."

कपाशीच्या मुलुखात राहून मला एवढीशी गोष्ट माहीत नव्हती. पऱ्हाटीचं मूळ बायका कशासाठी मागतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. मी एवढी पुस्तकं वाचणारी, आणि मीच तेवढी कोरडी. ते मूळ लग्न न झालेल्या पोरीने मागितलं की त्याचा अर्थ एकच, पोट पाडायचंय.

शेवंताबाईने मूळ काही दिलं नाही. ती तडक आईकडे गेली.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आईने पूजेची मांडणी केली होती, घरात फुलांचा आणि कापराचा वास होता. आई मला न्हाणीपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "खरं सांग. मूळ कोनाले पाहिजे?" मला खोटं पुढे रेटता येईना. मी रडत रडत सगळं ओकले. की मैत्रीण कोणी नाही. की सहा महिने झाले. की मी उगाच बाहेर बसत होते.

मला वाटलं होतं आई जवळ घेईल. आईचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. तिने माझे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, "कोन आहे थो?"

मला कळलंच नाही. "कोण कोण आहे?"

"थो पोरगा. सहा महिने बाहेर बसायचं सोंग केलं तू! देवाच्या पाटाची शपथ घेऊन सांग, कोन आहे?"

मग कळलं. आज इतक्या वर्षांनीही तो क्षण आठवला की माझे कान गरम होतात. राग म्हणू की लाज म्हणू? माझं प्रत्येक खोटं आता माझ्याविरुद्ध साक्षीला उभं होतं. मी जितकं नाही नाही म्हणत होते तितकं ते खरं वाटत होतं, मलासुद्धा. आणि तेवढ्यात पाहिलं, तर दुकान आणि घर यांच्यामधल्या दारात बाबा उभे होते. हातात पुडीचा दोरा होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

जगात त्या वेळी मला एकच गोष्ट हवी होती. बाकी काही होवो, पाळी येवो न येवो, बारावी बुडो. या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवावा.

बाबांनी दोरा बोटाला गुंडाळला. मग आईला म्हणाले, "अवं, सहा महिन्यांचं पोट लपते काय? पाह्य ना पोरीकडे जरा."

आईने पाहिलं. मी कुडता पोटाशी घट्ट धरून उभी होते, रडून लाल झालेली, हनुवटीवर तीन केस. आईने माझे दंड सोडले.

आणि बाबांनी, ज्यांनी उभ्या जन्मात बाईमाणसाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं त्यांनी, माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "याच्या आधी बरोबर येत होती?" मी म्हटलं, "नाही. कधी दोन महिन्यांनी, कधी तीन." ते म्हणाले, "मी औषधं विकून राह्यलो सगळ्या दुनियेले, आन् माया घरात..." दुकानात गिऱ्हाईक हाक मारत होतं. ते गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आमच्या दुकानाची आठवड्याची कमाई त्याच दिवशी व्हायची आणि त्याच दिवशी बाबांनी दुकानाला कुलूप लावलं. बाबा मला घेऊन एसटीने वर्ध्यावरून केळझरला, बायकांना तपासणाऱ्या वैद्यीणबाईंकडे निघाले. बाहेर तुरीची शेतं पिवळी झाली होती, धुकं बांधाबांधावर अडकून पडलं होतं, आणि मला वाटत होतं की ही बस कधी थांबूच नये, अशीच धुक्यातून चालत राहावी. बाबा खिडकीशी बसले होते. मध्येच त्यांनी आपलं मफलर काढलं आणि माझ्या कानांना गुंडाळलं.

केळझरच्या वैद्यीणबाईंच्या ओसरीवर सगळ्या बायकाच होत्या. बाबा त्यांच्यात बसले, एकटा पुरुष, चप्पल हातात घेऊन. बायका पदर सावरून कुजबुजल्या. बाबा जागचे हलले नाहीत.

वैद्यीणबाई म्हाताऱ्या, सडपातळ, आवाज मात्र फौजदाराचा. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, केव्हा झोपते, काय खाते, पोट साफ होते का, रडू येते का, सगळं खोदून विचारलं. पऱ्हाटीच्या मुळाचं ऐकल्यावर मात्र त्यांनी माझी कानउघाडणी केली. "पिली असती तं जिवावर आलं असतं, पोरी! मूळ म्हणजे काय शेंगदाणे आहेत, उचलले अन् तोंडात टाकले?" मग बाबांकडे वळल्या. "पह्यले वर्ध्याले नेऊन हिचं रक्त तपासून आना. मी नाडी पाह्यतो, रक्तातलं मले दिसत नाई. थे पाहून मंग माया औषधाचं पाहू."

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून मी हार्मोन हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पुस्तकात वाचला होता, पण तो आपल्याही अंगात असतो हे डोक्यात आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, थायरॉइड ठीक आहे, बाकी तोल बिघडलाय. झोप, जेवण, वजन आधी जागेवर आणा. तीन महिने वाट बघू, नाही आली तर गोळ्या सुरू करू. गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी लिहूनच दिली. ती चिठ्ठी देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली गेली.

मग सुरू झाला तो खरा हिवाळा. आजही डोळे मिटले की मी त्यात जाऊन पडते.

वैद्यीणबाईंनी दिलं ते औषध कमी आणि दिवस जास्त होता. पहाटे उठायचं. अंगाला तीळतेल लावायचं. उन्हात बसायचं. शेताच्या वाटेने चालून यायचं. ताजं, गरम, वेळेवर खायचं. भाकरीवर जवसाची चटणी, वर तेलाची धार. दुपारची झोप बंद, चहा एकच, दहाला दिवा बंद. आणि रात्री दुधातून शतावरी. "अंगाले येळ कळू द्या," त्या म्हणाल्या होत्या. "तिनं सगळी येळ मोडून ठेवली, मंग पाळी बिचारी येईन कोन्त्या रस्त्यानं?"

सकाळी अंगणात ऊन यायचं ते आधी तुळशीच्या कट्ट्यावर, मग विहिरीच्या रहाटावर, मग माझ्या पाठीवर. आई मागे बसून तेल चोळायची. वाटी कोमट केलेली असायची. त्या गुरुवारनंतर आई माझ्याशी कामापुरतंच बोलायची आणि मीही काही कमी नव्हते, फुगून बसायची. पण हात कसे फुगतील? खांद्यापासून कमरेपर्यंत ते हात रोज यायचे आणि जायचे. डोळे आपोआप मिटायचे. पारव्यांचं घुमणं, दूर कुठे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचा घरघराट, उन्हात तापलेल्या तिळाचा वास, आणि मी अर्धी जागी, अर्धी कुठेतरी. एक दिवस हात थांबले. मागून आवाज आला, "मी लय वाईट बोलली तुले." मी वळून पाहिलं नाही. म्हटलं, "तेल संपलं काय?" तिने पुन्हा वाटीत बोटं बुडवली. त्या दिवशी तिने इतकं तेल लावलं की मी पाटावरून घसरले, आणि आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी हसलो.

संक्रांतीच्या आधी शेवंताबाई आली. तुरीच्या ओल्या शेंगा पदरात घेऊन. दारातूनच म्हणाली, "मायावर राग नको धरू वं बाई. मी मूळ देलं असतं अन् तू पिली असती तं?" माझा राग होताच. पण ती खरं बोलत होती. आम्ही शेंगा मीठ घालून उकडल्या आणि तिघींनी चुलीपाशी बसून खाल्ल्या. त्यानंतर माझ्यासाठीची शतावरी तीच खणून आणू लागली. ओल्या, पांढऱ्या, बोटाएवढ्या मुळ्यांचा गुच्छ, माती अजून लागलेली.

बाबा त्या मुळ्या स्वतः धुवायचे. साल काढायची, मधला धागा ओढून टाकायचा, सावलीत वाळवायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या. पोत्यातली शतावरी ते लोकांना देत, मला नाही. पहिल्या रात्री दूध मला देण्याआधी त्यांनी घोटभर स्वतः घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "पंचवीस वर्षं विकून राह्यलो," म्हणाले, "आन् चव आज समजली." दुकानातही त्यांचं वागणं बदललं. चिठ्ठी सरकवणाऱ्या बाईला ते विचारू लागले, "किती दिवसांपासून आहे? डॉक्टरले दाखवलं?" एकदोन बायका रागावून गेल्या. एक तर म्हणाली, "बाप्पा! म्हाताऱ्याले काय झालं?" पण एक बाई मात्र चिठ्ठी विसरून तिथेच पायरीवर बसली आणि बराच वेळ बोलत राहिली. बाबा मान हलवत ऐकत होते, कानांच्या पाळ्या लाल.

हल्ली वर्ध्याच्या प्रत्येक औषधाच्या दुकानात शतावरी मिळते. डबीत, कॅप्सूलमध्ये, वर हसऱ्या बाईचं चित्र. माझ्या वर्गातल्या पोरी घेतात, आणि रात्री दोनपर्यंत जागून, वडापाव खाऊन त्यावर कॅप्सूल गिळतात. मला ओरडावंसं वाटतं. मग आठवतं की मी तरी काय वेगळी होते? मला कशाने बरं वाटलं ते मला आजही सांगता येणार नाही. मुळीने, की झोपेने, की उन्हाने. की चोरून बसायचं बंद झालं त्याने? आयुर्वेदात ऋतूप्रमाणे वागायला सांगितलंय म्हणे. मला तरी त्याचा अर्थ एवढाच कळला की अंगालाही एक शेजार लागतो. एकटं पाडलं की ते रुसतं. म्हणून एखादी पोर बाकावर डोकं टेकून बसलेली दिसली की मी तिला बाहेर बोलावते आणि विचारते. पोरी आधी दचकतात. मग बोलतात.

पण तो हिवाळा असा शहाणपणाचा नव्हता. तो भीतीचा होता. पौष गेला, काही नाही. माघ आला. मी हलकी झाले होते, झोप लागत होती, मुरुमं सुकली होती, पण जे यायचं ते येत नव्हतं. आता मी बाहेर बसत नव्हते. सोंग संपलं होतं. रोज दुकानात पुड्या बांधत होते आणि माझं रोज दिसणं हीच घरातली वाईट बातमी होती. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पटकन तराजूकडे. आई देव्हाऱ्यातल्या चिठ्ठीवरची धूळ पुसायची. तिच्या मनात काय चालायचं ते मला ठाऊक होतं. पोरीचं लग्न कसं होईल, मूल कसं होईल. ती तोंडाने काही बोलली नाही, पण रात्री तिच्या बांगड्या वाजत राहायच्या.

महाशिवरात्र झाली. शिव शिव करत थंडी निघाली. पळसाला पहिली फुलं दिसली, दुपारी पत्रा तापू लागला. तीन महिने पुरे व्हायला चार दिवस होते आणि माझा पहिला पेपर पाच दिवसांवर.

त्या पहाटे मी उठले तर कंबर दुखत होती. ओटीपोटात काहीतरी हळूहळू ओढलं जात होतं. न्हाणीत गेले, आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. ज्याचा मी आयुष्यभर कंटाळा केला होता त्याच्याकडे बघून मी रडत होते. आई दाराबाहेर होती. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने मला उराशी धरलं, आणि रीतीप्रमाणे चटई घेऊन आली. "जाय," म्हणाली, "पड जराशीक."

मी चटईकडे पाहिलं. सहा महिने खोटं बोलायला मी तिच्यावर जाऊन पडत होते. आज खरं होतं तर तिच्यावर जावंसंच वाटेना. आणि बाबांना कसं कळणार होतं? मी दिसले नाही की त्यांनी समजायचं. पण या माणसाने माझ्यासाठी बायकांच्या ओसरीवर चप्पल हातात घेऊन दुपार काढली होती. त्याला मी फक्त न दिसून सांगू?

मी दुकानाच्या दारात गेले. उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले. बाजाराचा दिवस होता, दुकान लवकर उघडलं होतं, समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. बाबा लोध्राची साल तोलत होते.

"बाबा," मी म्हटलं. "आली."

गिऱ्हाइकांनी माझ्याकडे पाहिलं. मागे आईने श्वास ओढल्याचा आवाज आला. बाबांच्या हातातला तराजू हलत राहिला, एक पारडं वर, एक खाली, आणि ते कितीतरी वेळ त्या पारड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले, उघडउघड, सगळ्यांच्या देखत, धोतराच्या सोग्याने. आणि गादीवर थोडे बाजूला सरकले.

"मंग तिथं काऊन उभी?" ते म्हणाले. "ये, बस. मायाच्यानं आज तोलणं होत नाई. तू तोल."

मी उंबरा ओलांडला आणि तराजू हातात घेतला.